काखेतला डाव : योशिआकी फुजिवारा आणि शूट-स्टाईल कुस्तीच्या अभ्यासाची प्रस्तावना

प्रतिस्पर्ध्याचं मनगट दोन्ही हातांनी धरायचं. हात ताठ होईपर्यंत ओढायचा, आपली काख त्याच्या दंडावर, कोपराच्या बोटभर वर बसवायची आणि कमरेतून सगळं वजन त्याच्या खांद्याकडे सोडायचं. तो पालथा पडतो. यापुढचं काम बारीक आहे. कोपराचं टोक आपल्या बरगड्यांकडे वळलेलं हवं. ते जरा बाजूला फिरलं तरी हात वाकतो आणि पकड सुटते. आपण खांद्यापासून लांब बसलो तर तो पुढे कोलांटी मारून मोकळा होतो. या दोन्ही गोष्टी साधल्या तर मात्र मनगट फारसं उचलावंच लागत नाही. त्याआधीच हार मानल्याची खूण म्हणून त्याचा मोकळा हात मॅटवर थापा मारू लागतो.

जपानी ज्यूदोत हा डाव वाकिगातामे म्हणून शिकवतात. उभ्या उभ्या धरून अंगासकट खाली झोकून देत तो लावायला स्पर्धेत बंदी आहे, कारण समोरच्याला हार मानायला सवडच मिळत नाही. अमेरिकेतल्या कुस्तीच्या समालोचनातून त्याला 'फुजिवारा आर्मबार' हे नाव मिळालं आणि तेच बाहेरच्या जगात रूढ झालं. डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी बेकी लिंच लावते तो त्याचाच बसून करायचा प्रकार कितीतरी वेळा पाहिलेला आहे. ज्याचं नाव त्या डावाला चिकटलं तो माणूस कोण, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्या माणसाच्या हातून एका अख्ख्या अभ्यासविषयात शिरता येतं, असं मला वाटतं. हे पुस्तक त्या वाटेनं जातं.

मराठी वाचकाला इथे यायला एक सोय आहे. कुस्ती म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. डाव, पेच, पकड, वस्ताद, पट्ठा, मेहनत हे शब्द त्याच्या घरातलेच आहेत. पण अडचणही तिथूनच सुरू होते. तालमीच्या गावात वाढलेला माणूस ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतो आणि पाठ फिरवतो. मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींना गर्दी लोटायची तेव्हाही घरी परतताना हाच वाद रंगायचा. तेव्हा हा प्रश्न आधीच उरकून टाकू. शूट-स्टाईल या जपानी कुस्तीशैलीतल्या बहुतेक लढतींचा निकाल आधी ठरलेला असे. हे इथेच सांगितलं म्हणजे वाचकाला पुढची सगळी पानं गौप्यस्फोटाची वाट पाहत काढावी लागणार नाहीत.

मग अभ्यास कशाचा करायचा? जपानी व्यावसायिक कुस्तीची, म्हणजे प्रोरेसुची, नेहमीची भाषा पाहा. दोरांवर आदळून परत येणारा मल्ल, कोपऱ्यावरून घेतलेली उडी, पाठ फिरवलेला पंच, रिंगबाहेरची खुर्ची. 1984 नंतर काही मल्लांनी हे एकेक करून टाकून दिलं. उरल्या लाथा, फेकी आणि सांध्यांवरचे डाव. हीच शूट-स्टाईल. लाथ लागायची ती जोरानं लागायची. डाव असा निवडायचा की समोरच्यानं खरोखर विरोध केला तरी तो चालला पाहिजे. शेवट ठरलेला, पण तिथवर पोचायची वाट हातापायांना शोधावी लागे, आणि त्या वाटेवर खोटं हाड कोणाकडेच नव्हतं. कुस्तीवर लिहिणारे अभ्यासक रोलाँ बार्थच्या निबंधापासून सुरुवात करतात. त्याच्या 'मिथॉलॉजीज' या 1957 च्या पुस्तकातला पहिलाच निबंध फ्रेंच कुस्तीवर आहे आणि कुस्ती ही अतिरेकी, ठळक हावभावांची रंगभूमी आहे असं तो मानतो. त्याचं म्हणणं पॅरिसच्या कुस्तीला चपखल बसतं. फुजिवाराच्या लढतीला ते लावायला गेलं की हाती काही लागत नाही, कारण इथे सगळी मेहनत अतिरेक काढून टाकण्यावर खर्च झालेली असते. घोट्याजवळची पकड एका इंचानं सरकते आणि जाणकार प्रेक्षक हुंकार देतो. बाकीच्यांना दोन पुरुष गुंता करून पडलेले दिसतात. बार्थला हे कंटाळवाणं वाटलं असतं अशी मला दाट शंका आहे.

योशिआकी फुजिवारा 1949 साली जपानच्या ईशान्येकडच्या इवाते प्रांतात जन्मला. 1972 मध्ये अंतोनिओ इनोकीनं न्यू जपान प्रो-रेसलिंग ही कंपनी काढली, त्याच वर्षी तो तिथे दाखल झाला आणि 12 नोव्हेंबरला तात्सुमी फुजिनामीविरुद्ध पहिली कुस्ती लढला. फुजिनामी पुढे तारा झाला. फुजिवारा मात्र जवळजवळ 12 वर्षं कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या लढतींतच राहिला. प्रेक्षक जागा शोधत असतात, खाण्याचे डबे उघडत असतात, तेव्हा होतात त्या या कुस्त्या. 1975 मध्ये त्यानं नवोदितांसाठीची कार्ल गॉच चषक स्पर्धा जिंकली, तरी त्याचं पोस्टरवरचं स्थान काही हललं नाही. चेहरा नायकाचा नव्हता, उडी नव्हती, बोलणं तुटक. त्याच्याकडे जे होतं ते दिसण्यासारखं नव्हतं.

ते आलं कुठून हे समजून घ्यायला बेल्जियमला जावं लागतं. कारेल इस्ताझ 1924 मध्ये अँटवर्पला जन्मला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो बेल्जियमकडून लढला आणि नंतर इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या विगन या कोळसाखाणींच्या गावात बिली रायलीच्या तालमीत शिकायला गेला. ती तालीम 'स्नेक पिट' म्हणून ओळखली जाते. तिथे कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन हा प्रकार शिकवत. पाठ टेकवली तरी विजय, सांधा पिरगाळून हार मान्य करवली तरी विजय. याच इस्ताझला जग कार्ल गॉच म्हणून ओळखतं. अमेरिकेत त्याची व्यावसायिक कारकीर्द बेताचीच झाली. जपानमध्ये त्याला कुस्तीचा देव म्हणू लागले. न्यू जपानच्या पहिल्याच कार्यक्रमात, 6 मार्च 1972 ला, कंपनीचा मालक इनोकी त्याच्याकडून हरला. मालकानं उद्घाटनाच्या दिवशी पराभव पत्करून गुरूची किंमत वाढवली. यात व्यापाराची अक्कल होती आणि आदरही होता. दोन्ही वेगळे काढत बसू नये.

गॉचच्या शिकवण्याचा पाया आपल्याला ओळखीचा आहे. जोर, बैठका आणि मुद्गल. पत्त्यांचा कॅट पिसायचा, एकेक पान उलटायचं आणि पान सांगेल तितके जोर किंवा बैठका काढायच्या. कॅट संपेपर्यंत थांबायचं नाही. इंग्रजी बोलणारे मल्ल आजही बैठकेला 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात. 1910 मध्ये गामा लंडनला गेला आणि झबिस्कोशी लढला, तेव्हापासून पाश्चात्त्य मल्लांचं भारतीय मेहनतीकडे लक्ष होतं. ती मेहनत कोणकोणत्या हातांतून टोकियोच्या मॅटवर पोचली, हा या विषयातला एक मोठा धागा आहे.

1976 साली तो धागा अचानक ताणला गेला. त्या वर्षी 26 जूनला इनोकी टोकियोच्या बुदोकानमध्ये मुहम्मद अलीशी लढला. 15 फेऱ्या, त्यातला बहुतेक वेळ इनोकी आडवा पडून अलीच्या पायांवर लाथा मारत होता, निकाल बरोबरी. त्या लढतीच्या तयारीत इनोकीसमोर सरावाला उभा राहणारा फुजिवाराच. मग 12 डिसेंबरला कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये इनोकी अक्रम पहिलवानाशी लढला, आणि फुजिवारा तिथेही सोबत होता. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, म्हणजे गामाचा पुतण्या. इमामबक्ष आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लढून गेलेला मल्ल. हे नातं ध्यानात घेतलं की कराचीची ती संध्याकाळ आपल्यासाठी परकी राहत नाही. तिसऱ्या फेरीत इनोकीनं अक्रमचं मनगट धरलं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून स्वतःचं मनगट पकडलं आणि सगळा हात पाठीकडे पिळला. अक्रमनं हार मानली नाही. त्याचा हात निकामी झाला आणि लढत थांबवावी लागली. माझा तर्क असा की चितपट हाच शेवट मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मल्लाच्या शरीराला वेळेवर हार मानायची सवयच नसते. तालमीत ती शिकवायचं कारणही कधी पडलं नाही. जपानी दोजोत, म्हणजे तिथल्या तालमीत, मात्र ती रोज शिकवली जाई, आणि फुजिवाराचं सगळं ज्ञान हार मानण्याच्या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे फिरतं.

इनोकीनं लावलेला तो डाव विगनचा डबल रिस्टलॉक. ब्राझीलमध्ये त्यालाच किमुरा म्हणतात, कारण 1951 मध्ये मासाहिको किमुरानं रिओत तिथल्या ग्रेसी घराण्यातल्या हेलिओचा हात याच डावानं मोडला. आणि 2000 च्या ऑगस्टमध्ये काझुशी साकुराबानं त्याच डावानं रेन्झो ग्रेसीचं कोपर निखळवलं. साकुराबा घडला फुजिवाराचा शिष्य नोबुहिको ताकादा याच्या कंपनीत, आणि तिथे शिकवायला होता विगनच्याच तालमीतला बिली रॉबिन्सन. विगन, टोकियो, कराची आणि पुन्हा जपान. लढती ठरवलेल्या असोत की नसोत, डाव आपला रस्ता धरून चालत राहिला. शूट-स्टाईलचा इतिहास विजेत्यांच्या यादीवरून लिहिण्याऐवजी डावांच्या प्रवासावरून लिहावा, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. यादी कंपनीनं बनवलेली असते. डाव कोणाला खोटा शिकता येत नाही.

फुजिवारा फ्लोरिडाला गॉचच्या घरी जाऊन शिकला. तिथे त्यानं डाव वह्यांत उतरवून घेतले, चित्रांसकट. तो बऱ्यापैकी चित्रं काढतो. पुढे मातीची भांडी करू लागला, बोन्सायचीही आवड लावून घेतली. त्या वह्या आता त्याच्या चाहत्यांत मोठ्या मानाच्या समजल्या जातात. जपानला परतल्यावर त्याच्याभोवती तरुणांचं एक कोंडाळं जमलं. प्रेक्षागृहाची दारं उघडण्यापूर्वी रिकाम्या रिंगमध्ये तो त्यांच्याशी झटापट करी आणि एकामागून एक पकडी लावून त्यांना हार मानायला लावी. या सरावाला 'फुजिवाराची शाळा' असं नाव पडलं. अकिरा माएदा, नोबुहिको ताकादा, सातोरू सायामा, काझुओ यामाझाकी हे त्या शाळेतले. सायामा तेव्हा टायगर मास्क म्हणून उड्या मारत लहान मुलांचा लाडका झालेला होता. म्हणजे संध्याकाळी सात वाजता ज्यांच्या नावाचा जयघोष होई, ते पाच वाजता पहिल्या कुस्तीतल्या एका अनामिकाकडून हार मानत असत. या एका वाक्यासाठीसुद्धा हा विषय अभ्यासण्यासारखा आहे.

3 फेब्रुवारी 1984 ला साप्पोरोत फुजिनामी आणि रिकी चोशू यांची किताबाची लढत होती. चोशू रिंगकडे चालत येत असताना फुजिवारानं वाटेतच त्याच्यावर लोखंडी नळीनं हल्ला चढवला. चोशू रक्तबंबाळ झाला, लढत झालीच नाही, आणि चिडलेला फुजिनामी उघड्या अंगानं बाहेर बर्फात निघून गेला. फुजिवाराला त्या रात्री 'दहशतवादी' हे टोपणनाव मिळालं. 34 वर्षांचा, 12 वर्षं न दिसलेला मल्ल एका रात्रीत सगळ्यांना दिसला, तोही अशा कृत्यानं ज्यात त्याच्या विद्येचा अंशही नव्हता. शूट-स्टाईलच्या सोवळ्या चाहत्यांना हा प्रसंग आजही अडचणीचा वाटतो आणि ते तो घाईनं ओलांडतात. मी तसं केलेलं नाही. या प्रसंगाशिवाय त्याला श्रोते मिळाले नसते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये युनिव्हर्सल रेसलिंग फेडरेशन, म्हणजे यूडब्ल्यूएफ, उभी राहिली आणि जूनमध्ये फुजिवारा ताकादाला घेऊन तिकडे गेला. सायामाही मुखवटा बदलून सुपर टायगर म्हणून आला. फुजिवारा आणि सुपर टायगर यांच्या 1984-85 मधल्या लढतींत ही शैली प्रथम आपल्या पायांवर उभी राहिली. सायामा लाथा मारायचा, फुजिवारा त्या अंगावर घेत घेत जवळ सरकायचा. एकदा पाय हाती लागला की चित्र पालटे. पण संस्था दीड वर्षही टिकली नाही. सायामाला नियम, गुण आणि वर्ग असलेला खेळ हवा होता. माएदाला ते मान्य नव्हतं. 2 सप्टेंबर 1985 ला ओसाकात दोघांची लढत हाताबाहेर गेली आणि त्या महिन्यातच यूडब्ल्यूएफ संपली. त्याच वर्षी सायामानं 'केफेब' नावाचं पुस्तक लिहून धंद्याची गुपितं उघड केली आणि शूटो या स्वतंत्र खेळाच्या उभारणीला लागला. बाकीचे न्यू जपानमध्ये परतले.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नव्या वाचकानं सर्वांत आधी पाहावी अशी लढत इथेच येते. परतलेल्यांपैकी इनोकीशी कोणी लढायचं हे ठरवायला 1986 च्या सुरुवातीला आपसांत लढती झाल्या. त्यात माएदाला मागे टाकून फुजिवारा पुढे आला. 6 फेब्रुवारी 1986, र्‍योगोकु कोकुगिकान, टोकियोतलं सूमोचं सभागृह. समोर इनोकी, ज्याच्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं सरावाचं ओझं वाहिलं. मध्यावर इनोकी त्याच्या घोट्याला पकडतो आणि टाचेमागच्या शिरेवर दाब देणारा डाव लावतो. फुजिवारा कळवळत नाही. तो हसतो आणि आपल्या मालकाला खुणेनं दाखवतो की पकडीचा कोन चुकलाय. सभागृहात खसखस पिकते. हा विनोद आहे, अपमान आहे आणि धडाही आहे, शिवाय हे सगळं ठरलेल्या निकालाच्या लढतीत घडतंय. शेवटी इनोकी त्याला गळ्याच्या पकडीत घेऊन जिंकतो. कागदावर फुजिवारा हरला. पण रिंगमधला गुरू कोण, हे हजारो लोकांनी पाहिलं होतं.

ही लढत पाहताना चेहऱ्यांकडे पाहायचा मोह टाळावा. कमरा पाहाव्यात. कोणाची कंबर जमिनीला चिकटलेली आहे, कोणाची हवेत. कोणाचा गुडघा समोरच्याच्या मांड्यांच्या आत आहे. दोर किती हातांवर आहे. शूट-स्टाईलमध्ये दोराला हात लावला की पकड सोडावी लागते, म्हणून पकडीत सापडलेला मल्ल दोराकडे सरपटतो आणि पकडणारा त्याला मधोमध ओढत राहतो. पुढे ताकादाच्या कंपनीनं याचे हिशेबच मांडले. प्रत्येकाला 15 गुण, दोर धरला की एक गेला, ठोशानं वा लाथेनं खाली पडलं की तीन गेले. हिशेब आला की प्रेक्षक आकडा पाहू लागतो, आणि माझ्या मते तिथे या शैलीचा थोडा रस आटला. 1986 ची ती लढत आकड्यांशिवायची आहे.

फुजिवाराच्या डोक्याबद्दलही सांगायला हवं. तो डोक्यानं टक्कर मारतो. एक पाय उचलून, सगळं अंग मागे नेऊन, घण घातल्यासारखी. त्याचं डोकं कोपऱ्यावरच्या लोखंडावर आपटलं तर तो डोळे मिचकावून उभा राहतो आणि प्रेक्षक खूश होतात. हा शुद्ध प्रोरेसुचा गंमतीचा भाग आहे. सांध्यांच्या डावांचा राक्षस म्हणून ज्याची ख्याती, त्यानं असा पोरकटपणा का करावा, असा प्रश्न इंग्रजी लिखाणात वारंवार विचारला गेलाय. प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोक्यात खेळ आणि तमाशा यांच्यामध्ये एक रेघ आहे. फुजिवाराच्या रिंगमध्ये ती कोणी आखलेलीच नव्हती. त्याच्या लेखी डाव खरा असणं आणि माणसं हसणं ही एकाच कामाची दोन अंगं.

त्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र ती रेघ आखली, आणि प्रत्येकानं वेगळ्या ठिकाणी. माएदानं नोव्हेंबर 1987 मध्ये चोशूच्या तोंडावर लाथ मारून त्याच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं, त्याची हकालपट्टी झाली आणि त्यानं मे 1988 मध्ये दुसरी यूडब्ल्यूएफ काढली. 1989 मध्ये फुजिवारा तिथे पोचला. मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी हे दोन तरुणही न्यू जपान सोडून तिकडे आले. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला त्यांनी टोकियो डोममध्ये कार्यक्रम केला. वर्षभरात, डिसेंबर 1990 मध्ये, ही संस्थाही फुटली. तिच्या तीन फांद्या झाल्या. माएदाची रिंग्ज, ताकादाची यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल आणि फुजिवाराची प्रो-रेसलिंग फुजिवारा-गुमी. या शेवटच्या नावामुळे तो 'कुमिचो', टोळीचा म्होरक्या, झाला आणि आजही त्याला तसंच हाकारतात. म्होरक्या म्हणून तो सुमारच होता, हे स्पष्ट लिहायला हवं. पैसा एका चष्म्यांच्या कंपनीचा, कारभार विस्कळीत, आणि दोन वर्षांत फुनाकी, सुझुकी व अमेरिकन केन शॅमरॉक असे सगळे बिनीचे लोक निघून गेले. नंतर यूकी इशिकावा आणि त्याचे सोबती बाहेर पडले आणि त्यांनी बॅटलार्ट्स काढली.

पण निघून गेलेल्यांनी काय केलं ते पाहा. 21 सप्टेंबर 1993 ला फुनाकी आणि सुझुकीनं पॅनक्रेस ही संस्था सुरू केली. ते नाव गॉचनं सुचवलेलं होतं. निकाल न ठरवलेल्या लढती. पहिल्या रात्रीच्या पाचही लढती मिळून सुमारे 13 मिनिटांत संपल्या. तिकीट काढून आलेल्यांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा! त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 12 नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली, आणि शॅमरॉक तिथेही उतरला. आज ज्याला मिश्र मार्शल आर्ट म्हणतात त्याची एक महत्त्वाची वाट फुजिवाराच्या शाळेतून गेली. त्याच वाटेवर घोर पराभवही झाले. 11 ऑक्टोबर 1997 ला टोकियो डोममध्ये रिक्सन ग्रेसीनं ताकादाला पाच मिनिटांच्या आत हातावरच्या पकडीनं हरवलं आणि प्रोरेसु हीच सर्वांत बलवान असं मानणाऱ्या पिढीचा विश्वास तडकला. तो काही अंशी सावरला साकुराबानं, 1 मे 2000 ला, जेव्हा रॉइस ग्रेसीच्या कोपऱ्यातून 90 मिनिटांनंतर टॉवेल आला.

या सगळ्या काळात फुजिवारा तमाशातच राहिला. पॅनक्रेस निघाली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता, हे कारण सहज पटतं, पण पुरत नाही. त्याच्या वयाचा प्रश्न नसतानाही त्यानं सायामासारखा वेगळा खेळ उभारला नव्हता. 2007 मध्ये त्याच्या पोटात कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला आणि पुन्हा रिंगमध्ये आला. सत्तरी उलटल्यावरही तो लढत राहिला. तेच काळे बूट, तीच टक्कर, तीच काखेतली पकड. त्याचे जे विद्यार्थी खऱ्या लढतींकडे गेले त्यांतलेही काही परतले. सुझुकी 2003 पासून पुन्हा प्रोरेसुत आहे आणि खलनायक म्हणून जगभर फिरतो. का परतले, हा या पुस्तकातल्या शेवटच्या तीन प्रकरणांचा विषय आहे.

साधनांविषयी थोडं. या विषयात छापील शब्द सावधपणे वापरावा लागतो. जपानी कुस्ती साप्ताहिकं 1980 च्या दशकात जोमात होती, पण ती कंपन्यांच्या मेहरबानीवर चालत. 'तोक्यो स्पोर्ट्स'सारखं वृत्तपत्र भांडणं वाढवून छापी. मल्लांची आत्मचरित्रं एकमेकांची उत्तरं म्हणून लिहिलेली असतात, त्यामुळे ती जोडीनं वाचावी लागतात. चित्रफिती सगळ्यांत भरवशाच्या, फक्त त्यांच्यात दारं उघडण्यापूर्वीचा सराव नसतो, आणि फुजिवाराचं अर्धं आयुष्य तिथेच गेलं. म्हणून मी त्याच्या विद्यार्थ्यांच्या लढतींत त्याचा हात शोधत गेलो. कोण मनगट कसं धरतो, कोणाचं वजन खांद्याजवळ येतं, कोण घाई करतो. पुढे तुलनेचे जे तक्ते आहेत ते या निरीक्षणावर आधारलेले आहेत, आणि कोणाही वाचकानं चित्रफीत थांबवून ते तपासावेत.

एक काम या पुस्तकात नाही. गॉचच्या जोर-बैठका आणि आपल्या तालमींतल्या मेहनतीची पद्धत शेजारी ठेवून, सांध्यागणिक, श्वासागणिक कोणी पाहिलेली नाही. त्यासाठी लाल मातीत घाम गाळलेला आणि जपानी वाचता येणारा माणूस हवा. असा कोणी वाचकांत असेल तर त्यानं सहाव्या प्रकरणापासून सुरुवात करावी; गॉचच्या व्यायामांची वर्णनं तिथे क्रमानं दिली आहेत.